हक्क कुठून आले, हेही पाहू या

'कंपनी कायद्याने व्यक्ती आहे, मग घटनेतले हक्क तिला मिळणारच' असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. कंपनीला व्यक्ती मानलं ते सोयीसाठी: तिला करार करता यावा, मालमत्ता बाळगता यावी, तिच्यावर दावा लावता यावा. तेवढ्याने ती नागरिक होत नाही.

अमेरिकेतली चौदावी घटनादुरुस्ती १८६८ची. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना समान संरक्षण मिळावं म्हणून ती झाली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयातल्या १८८६च्या सांता क्लारा खटल्यात वाद होता रेल्वेच्या कुंपणांवरच्या कराचा. ही दुरुस्ती कंपन्यांनाही लागू आहे असं सरन्यायाधीश वेट युक्तिवादाआधी तोंडी म्हणाले, आणि निकाल नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने ते सारांशात घातलं. मूळ निकालपत्रात हा मुद्दा ठरवलेलाच नाही! तरी पुढे त्याचाच दाखला दिला गेला. मला हे फार अस्वस्थ करतं. त्याच न्यायालयाच्या २०१०च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने (पाच विरुद्ध चार) कंपन्यांच्या निवडणूक प्रचारावरील स्वतंत्र, म्हणजे उमेदवाराशी न ठरवता केलेल्या, खर्चाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं.

पण सगळेच हक्क मिळालेले नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क कंपनीला नाही, हे त्याच न्यायालयाने १९०६मध्ये सांगितलं. म्हणजे हक्क निवडून देता येतात.

आणि जबाबदारीचं काय? कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याच्या गुंतवणुकीपुरतंच. ही सवलत समाजाने दिलेली आहे. तिच्या बदल्यात कामगारांची सुरक्षितता आणि स्वच्छ नदी मागणं हा समाजाचा अधिकार आहे, कंपनीचा दानधर्म नव्हे.