बार्ड रॉक: शोलाही चालेल आणि वजनालाही भरेल अशी लाइन कशी बांधायची?

पट्टेरी_रॉक
नमस्कार मंडळी. माझ्याकडे बार्ड प्लायमाउथ रॉक या पट्टेरी कोंबड्यांच्या जातीच्या दोन लाइन, म्हणजे दोन वेगळे वंश, आहेत. एक शोवाल्या ब्रीडरकडची, पट्टे एकदम रेखीव, पिसाच्या मुळापर्यंत गेलेले, पण पक्षी हातात घेतला की नुसती पिसंच, छातीचं हाड बोटाला टोचतं. दुसरी हॅचरीची, पट्टे धुरकट आणि वाकडेतिकडे पण अंगाने भरलेली आणि वाढ पण चटकन. मला दोन्ही हवंय, म्हणजे शोमध्ये जजने नाक मुरडू नये आणि जादा नर कापले तर त्यावर मांसही असावं. तर क्रॉस करावं की शोच्याच लाइनमधून निवडत जावं? आणि निवड कधी करायची, कारण आत्ता सगळे नर मोठे होईपर्यंत सांभाळतोय आणि दाणा नुसता उडतोय.

जुनं_खुराडं
आधी वजनकाटा आणा, बाकी नंतर. लोक म्हणतात शो वेगळा आणि मांस वेगळं, पण अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनचं स्टँडर्ड, म्हणजे शोमध्ये जात कशी असावी ते सांगणारं पुस्तक, काढून वाचा (१८७४ पासून निघतंय), त्यात रॉकचं वजनच दिलंय: कोंबडा साडेनऊ पौंड म्हणजे ४.३ किलो, कोंबडी ३.४, वर्षाच्या आतला नर ३.६, तलंग म्हणजे वर्षाच्या आतली मादी २.७. म्हणजे तुमची ती हडकुळी लाइन शोच्या हिशेबानेही कमीच पडतेय, फक्त पिसं फुगलेली असली की ते लक्षात येत नाही.

निवडीचं म्हणाल तर उबवल्यावर लगेच वाकडी चोच, वाकडी बोटं असलेली बाजूला. मग सगळ्यांच्या पायात रिंग घाला आणि आठव्या आठवड्यात प्रत्येकाचं वजन. त्या वयात जो मागे पडला तो पुढे क्वचितच बरोबरी करतो, त्यामुळे खालचे अर्धे नर तिथेच वेगळे काढायचे, दाण्याचा प्रश्न निम्मा सुटला. परत सोळाव्या आठवड्यात वजन, आणि यावेळी हात लावून बघायचं. पक्षी एका हातावर घ्या, दुसरा तळहात पाठीवर पालथा ठेवा. पाठ खांद्यापासून शेपटीकडे जाताना रुंद राहते की निमुळती होते ते लगेच कळतं. मग पंखांच्या मागून दोन्ही बाजूंनी धरा, तिथे घेर हवा, हृदय-फुफ्फुसाला जागा तिथेच. शेवटी छातीच्या हाडावरून अंगठा मागे न्या, हाड लांब आणि सरळ हवं, आणि दोन्ही बाजूंचं मांस बोटांना व्ही लागलं तर बाद, यू लागलं तर ठेवायचा. पाय एकमेकांपासून लांब रोवलेले असले की छाती रुंद असणारच.

एक लक्षात ठेवा, एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांचीच आपसात तुलना करा, थंडीतली बॅच आणि उन्हाळ्यातली बॅच एकत्र मोजली तर सगळा घोळ. आणि पहिले आठ आठवडे दाण्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन नसेल तर रक्ताला दोष देऊ नका.

झेड_गुणसूत्र
वरचं सगळं बरोबर, पण क्रॉसचं कुणी बोललं नाही. क्रॉस करा, फक्त उलटा करू नका!! रॉकचे पट्टे रेखीव का येतात, तर शो लाइनची पिसं हळू वाढतात. हळू पिसांचा जीन आणि पट्ट्यांचा जीन दोन्ही झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर (नरात झेड दोन असतात), आणि कोंबडीकडे झेड एकच असतं जे तिला बापाकडूनच मिळतं. म्हणून कोंबडा शोवाला आणि कोंबड्या हॅचरीच्या. निघालेल्या सगळ्या तलंगांना शोच्या बापाचं झेड, म्हणजे पट्ट्यांचा पाया शाबूत आणि आईकडून अंग थोडं भरलेलं. त्यातल्या सगळ्यात वजनदार तलंगा परत शो लाइनच्या दुसऱ्या कोंबड्याला द्या, हॅचरीचा भराभर पिसांचा जीन तिथेच गळला. क्रॉसचे नर मात्र कापायलाच ठेवा, दिसायला हळू पिसांचे असले तरी दुसरा जीन लपवून असतात.

तुमच्याकडे खरंच हाच फरक आहे का ते एक दिवसाच्या पिल्लाचा पंख पसरून बघा. मुख्य पिसं त्यांच्यावरच्या छोट्या पिसांपेक्षा ठळक लांब असतील तर भराभर, दोन्ही सारखीच लांब असतील तर हळू. दोन-तीन दिवस उशीर केला तर फरक पुसट होतो.

आणि नर मादीपेक्षा फिकट दिसतो म्हणून घाबरू नका, त्याच्यात पट्ट्यांचा जीन दोनदा असतो. पूर्वी शोमध्ये नर-मादी एका छटेचे दाखवायचे म्हणून लोक नरांसाठी गडद लाइन आणि माद्यांसाठी फिकट लाइन अशा वेगळ्या ठेवायचे. तुम्हाला मांसपण हवंय तर त्या फंदात पडू नका, जागा आणि दाणा दोन्ही दुप्पट लागतं.

तुरा_नंबर_१
मला नाही पटत. जज पिंजऱ्यासमोर उभा राहून रंग, तुरा, ठेवण बघतो, वजनाला कोण विचारतंय? क्रॉस केला की पुढची तीन-चार पिढ्या पट्टे सरळ करण्यात जाणार. दोन लाइन वेगळ्या ठेवा, एक शोला एक खायला, विषय संपला.

जुनं_खुराडं
@तुरा_नंबर_१ चांगला जज पक्षी बाहेर काढून हातात घेतो राव, आणि हातात घेतला की सगळं कळतं. असंच नुसत्या पिसांवर निवडत गेल्यामुळे तर या जाती हडकल्या. एकेकाळी मांसाचा पक्षी म्हणजे रॉक आणि न्यू हॅम्पशायरच होते, १९४८ ला अमेरिकेत उद्याच्या कोंबडीची स्पर्धा झाली ती कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायरच्या क्रॉसने जिंकली आणि तिथून ब्रॉयलरची गाडी सुटली. आजच्या ब्रॉयलरच्या आईकडचं रक्तसुद्धा व्हाइट रॉकचंच. म्हणजे माल जातीतच होता. बाकी पट्ट्यांना वेळ जाणार हे खरंय, ते मान्य.

अंडी_पिल्ली
थोडं विषयांतर, पण वायनडॉट (गुलाब तुऱ्याची, म्हणजे चपट्या रुंद तुऱ्याची दुसरी जात) पाळणाऱ्यांनी पण वाचा. गुलाब तुऱ्याचे जीन दोन्ही बाजूंनी आले की नराची फलनक्षमता कमी होते, म्हणून एकेरी तुऱ्याचं पिल्लू निघालं तर लगेच कापू नका, दणकट असेल तर ब्रीडिंगला ठेवा, शोला नाही नेलं म्हणजे झालं.

पट्टेरी_रॉक
सगळ्यांचे आभार. काल निघालेल्या पिल्लांचे पंख बघितले, शोची खरंच हळू पिसांची आहेत आणि हॅचरीची भराभर. मग शोचा कोंबडा त्या वजनदार कोंबड्यांवर सोडतो. एकच शंका, शोचे नर तीनच आहेत आणि सख्खे भाऊ आहेत, पुढे रक्त फार जवळ नाही का येणार?

झेड_गुणसूत्र
येणार. म्हणून आत्ताच कळपाची तीन घरं करा, म्हणजे तीन गट, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची रिंग. तलंगा आईच्याच घरात राहतात, नर दरवर्षी पुढच्या घरात जातो, ३ चा परत १ मध्ये. भाऊच असल्यामुळे यातून फक्त वेळ मिळेल, तेवढ्यात त्याच ब्रीडरकडून लांबच्या नात्यातला एक नर मिळतो का बघा. आणि सोळाव्या आठवड्याला रंगासाठी कुणाला कापू नका, पूर्ण वाढीची पिसं आल्याशिवाय पट्टे खरे दिसत नाहीत, तोपर्यंत फक्त अंगावर छाटणी.