मदत हवी आहे: सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये घ्यावं की वेगवेगळं?

नमस्कार मंडळी. लोहार चाळीत आमचं वायर-केबलचं होलसेल दुकान आहे, गोडाऊन भिवंडीला. हिशेब टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये आणि ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर (बाबांची वही वेगळीच, ती सुटत नाही). परवा एका गिऱ्हाईकाला नव्वद मीटरची सात कॉइल 'आहेत' सांगून बसलो. गोडाऊनवर फोन केला तर चारच. तीन आदल्या दिवशीच गेली होती, एक्सेलमध्ये उतरवायची राहिली.

आता उलाढाल 5 कोटींच्या वर गेल्यामुळे ई-इनव्हॉइसही (प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) लागू झालंय. भाऊ म्हणतो, ईआरपीनेक्स्ट किंवा ओडूसारखं एकच घेऊ, बिल फाडलं की स्टॉक आपोआप कमी. सीए म्हणतात टॅली सोडू नका, स्टॉकसाठी वेगळं घेऊन जोडा. मला भीती त्या जोडण्याचीच वाटते. दोन सॉफ्टवेअरचे आकडे जुळले नाहीत तर 11 तारखेला जीएसटीआर-1 (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरताना कोणाच्या नावानं बोंब मारायची?

पण एकत्रित घेतलं तर आमची खरी अडचण सुटेल का? केबल ड्रमवरून कापून विकतो. 500 मीटरच्या ड्रमवर शेवटी 38 मीटर उरतात, आणखी एकावर 45. स्टॉकमध्ये 83 दिसतात, पण 60 चा सलग तुकडा देता येत नाही. ड्रमनिहाय शिल्लक नीट दाखवणारं कोणी वापरतंय का? डेमोत सगळंच छान चालतं, म्हणून वापरणाऱ्यांनीच सांगा. जुना डेटा आणायला किती दिवस गेले, तेही.