मदत हवी आहे: कॅबोशॉनच्या माथ्यावर उरणारे चरे, यंत्राची निवड आणि सुरुवातीचे दगड

नमस्कार.

मला कॅबोशॉन घडवायला, म्हणजे पैलू न पाडता वर गुळगुळीत घुमट आणि खाली सपाट बूड ठेवून दगड घासायला व चमकवायला, नीट शिकायचे आहे. एका परिचितांच्या सहा चाकांच्या यंत्रावर मी अकीक आणि जास्पर यांचे काही काप घासून पाहिले आहेत. पहिली दोन चाके कडक, धातूवर हिरकणी बसवलेली, ८० आणि २२० ग्रिटची आहेत (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा; आकडा जितका मोठा, तितका कण बारीक). पुढची चार मऊ, रेझिनची, २८०, ६००, १२०० आणि ३००० ग्रिटची आहेत. आणि शेवटी चामड्याच्या चकतीवर १४,००० ची हिऱ्याची पेस्ट लावून झिलई दिली जाते.

तयार खडा हातात घेतल्यावर तो चमकतो. परंतु दिव्याखाली तिरका धरला, की घुमटाच्या अगदी माथ्यावर बारीक समांतर चरे दिसतात आणि त्यांच्या आसपासची झिलई धुरकट वाटते. कडेकडेचा भाग मात्र आरशासारखा असतो. शेवटच्या चकतीवर कितीही वेळ दिला तरी माथ्यात फरक पडत नाही. कधीकधी याखेरीज एखादाच खोल, वेडावाकडा ओरखडाही उमटतो, जो आधीच्या चाकावर दिसलेला नसतो. हे दोन वेगळे दोष आहेत की एकाच कारणाची दोन रूपे, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न यंत्राचा आहे. स्वतःचे यंत्र घेताना उभ्या चाकांचे घ्यावे, की आडव्या चकतीचे, ज्याला फ्लॅट लॅप म्हणतात, ते घ्यावे? माझ्याकडे जागा कमी आहे. तसेच दगड काडीला चिकटवून घासावा, की बोटांत धरून, याविषयी मला परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. शेवटचा प्रश्न असा, की माझ्याकडे मॅलकाइटचा एक आणि टायगर आयचे दोन सुंदर तुकडे आहेत. ते आता घासायला घ्यावेत की राखून ठेवावेत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद

आपले निरीक्षण अचूक आहे, आणि उत्तराचा बराचसा भाग त्यातच आला आहे. हे दोष वेगळे आहेत. समांतर चऱ्यांचा पुंजका दिसला, तर तो आधीच्या एखाद्या टप्प्याचा अवशेष असतो, कारण चाक एकाच दिशेने फिरत असते आणि त्याच्या कणांनी पाडलेले चरे एकमेकांना समांतरच असतात. एकटादुकटा, खोल आणि दिशाहीन ओरखडा मात्र बाहेरून आलेल्या मोठ्या कणाचा असतो. तो कण हाताला, नखाच्या फटीत, काडीवरच्या लाखेत किंवा दगडातल्याच एखाद्या भेगेत अडकून पुढच्या चाकापर्यंत पोहोचलेला असतो. म्हणून प्रत्येक चाक बदलताना दगड, काडी आणि हात स्वच्छ पाण्याने धुवावेत, आणि नखांसाठी वेगळा ब्रश जवळ ठेवावा. चाक नवे कोरे असेल तरीही असे ओरखडे येतात, कारण त्यावरचे काही कण इतरांपेक्षा वर आलेले असतात. अशा चाकावर आधी अकीकाचा एखादा टाकाऊ तुकडा सर्व रुंदीभर फिरवून ते बसवून घ्यावे लागते.

आता माथ्याविषयी. दगड चाकाला तिरका लावण्याची हाताला सहज सवय लागते, त्यामुळे उतार चांगले घासले जातात आणि माथ्याला चाकाचा स्पर्श सर्वांत कमी होतो. ८० किंवा २२० च्या कडक चाकाने तिथे पाडलेले चरे २८० वर पुरते निघत नाहीत, आणि पुढची चाके ते काढू शकत नाहीत. यामागे कणांच्या आकाराचे साधे गणित आहे. ६०० ग्रिटच्या हिरकणीचा कण सुमारे ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, १२०० चा सुमारे १५, आणि १४,००० च्या पेस्टमधला एक ते दोन मायक्रॉनचा. २२० च्या चाकाने पाडलेली चर एक-दोन मायक्रॉनच्या कणांनी भरून निघत नाही, कारण झिलई चर भरत नाही. चर नाहीशी करायची, तर तिच्या तळापर्यंत सभोवतालचा सगळा पृष्ठभाग खाली न्यावा लागतो, आणि तेवढा दगड काढण्याची ताकद शेवटच्या चकतीत नसते. त्या चकतीवर आपण अधिक वेळ दिला, तर चऱ्यांच्या कडा तेवढ्या गोलसर होतात आणि चर चमकदार दिसू लागते. तिची खोली तशीच राहते.

यातून माझे ठाम मत असे झाले आहे, की चमक २८० च्या चाकावर ठरते. सहा टप्प्यांत मिळून जेवढा वेळ जाईल, त्यातला सर्वांत मोठा वाटा या एका चाकाला द्यावा. कडक चाकांनी घुमटावर लहान लहान सपाट पट्टे सोडलेले असतात. २८० चे मऊ चाक दगडाच्या दाबाखाली किंचित दबते आणि ते पट्टे एकमेकांत मिसळवते, म्हणजे आकाराचे शेवटचे कामही इथेच होते. या चाकावरून दगड उचलण्यापूर्वी तो पूर्ण कोरडा करून पाहावा. ओल्या दगडावर पाण्याचा थर चऱ्यांत भरतो आणि ६०० वर घासलेला खडासुद्धा चकचकीत दिसतो. या फसव्या चमकेवर विश्वास ठेवून पुढे गेले, की तोच चरा शेवटी माथ्यावर भेटतो. पुसून, कोरडा करून, एकाच दिव्याखाली तिरका धरून, शक्य असल्यास दहा पट भिंगातून पाहावे.

माथ्यासाठी एक खात्रीचा उपाय सांगतो. २८० वर जाण्यापूर्वी कोरड्या घुमटावर न पुसल्या जाणाऱ्या शाईच्या पेनने सगळीकडे रेघा ओढाव्यात आणि त्या सर्व जाईपर्यंत घासावे. जिथे शाई उरते, तिथे चाक पोहोचलेले नाही, हे डोळ्यांना स्पष्ट कळते. पुढे प्रत्येक चाकावर दगडाची दिशा आधीच्या चाकाच्या तुलनेत काटकोनात वळवून सुरुवात करावी, म्हणजे जुने चरे नव्यांना छेदताना वेगळे ओळखू येतात. ते उरले नाहीत अशी खात्री झाली, की मग दगड सतत गोल फिरवत तो टप्पा पूर्ण करावा. दगड एका जागी क्षणभरही थांबवू नये, कारण त्याने सपाट डाग पडतो आणि उष्णताही साठते.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. यंत्राबद्दल माझा अनुभव लिहितो.

घुमट घडवण्यासाठी उभी चाके सोयीची असतात, याचे मुख्य कारण मऊ चाकांचे दबणे हेच आहे. शिवाय सहाही ग्रिट एकाच दांड्यावर असल्याने टप्पा चुकला असे वाटले, तर लगेच मागे जाता येते, आणि शिकणाऱ्याला मागे जाण्याची गरज वारंवार पडते. आडव्या चकतीचे यंत्र कमी जागेत मावते, पण प्रत्येक टप्प्याला चकती बदलावी लागते, आणि त्या कंटाळ्यापोटी माणूस दोष दिसत असूनही पुढे जातो. तिचा दुसरा गुणधर्म असा, की मध्याजवळ तिचा वेग जवळजवळ शून्य असतो आणि कडेला सर्वाधिक, त्यामुळे दगड कुठे टेकवला यावर घर्षण बदलते. कडक चकतीवर घुमट घासला तर पट्टे पडतात. त्यासाठी चकतीखाली फोमचा मऊ थर लागतो. मात्र बूड सपाट करायला आडव्या चकतीसारखे दुसरे साधन नाही. जागा खरोखरच कमी असेल, तर फोमचा थर लावून आडव्या चकतीवरही उत्तम काम होते, फक्त शिस्त अधिक लागते.

काडीच्या वादात मी काडीच्या बाजूने आहे. लहान दगड बोटांत धरला, की बोटे आणि चाक यांतले अंतर फार कमी उरते आणि नखे झिजतात. मुख्य म्हणजे दगड एकसारखा फिरवता येत नाही. काडी दोन बोटांत गरगर फिरवता येते आणि घुमट आपोआप समतोल होत जातो. लाख वापरायची असेल, तर दगडही कोमट करून घ्यावा लागतो, कारण थंड दगडाला गरम लाख धरत नाही आणि तो ऐन वेळी सुटून उडतो. काम झाल्यावर काडीसकट दगड थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवला, की लाख आकसून दगड सहज निघतो. ओपल किंवा ऑब्सिडियनसारख्या, तापमानाच्या बदलाने तडकणाऱ्या दगडांना मात्र लाख न लावता सुपरग्लू वापरावा आणि तो अ‍ॅसिटोनने सोडवावा. अ‍ॅसिटोन चटकन पेटते, म्हणून जवळपास ज्योत असू नये. मोठे, तळहाताच्या मध्यात मावतील असे दगड हातात धरूनही छान होतात.

आकाराबद्दल एकच गोष्ट जोडतो. बाह्यरेषा घासून झाली, की बुडापासून सुमारे एक मिलिमीटर वर कडेभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या टोकाने रेघ मारावी. ही रेघ पाण्याने जात नाही. त्या रेघेपर्यंत आधी सगळीकडे ४५ अंशांचा एक उतार द्यावा, मग त्याच्या वर कमी तिरका दुसरा, आणि नंतर त्यांच्यामधले कंगोरे मिसळावेत. रेघेखालची उभी कड तशीच ठेवावी, कारण कोंदणाचा पत्रा तिच्यावर उभा राहतो. बुडाच्या धारेलाही बारीकसा उतार द्यावा, नाहीतर कोंदणात बसवताना तिचे टवके निघतात.

प्रतिसाद

दगड आणि धूळ या दोन्हींबद्दल एकत्र लिहिते, कारण ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

सुरुवात अकीक आणि जास्पर यांच्यावरच ठेवावी. खनिजांची कठीणता एक ते दहा अशी मोजणाऱ्या मोस यांच्या मापावर त्यांची कठीणता साडेसहा ते सात असते, पोत एकसारखा असतो आणि त्यांना ठरलेल्या पातळीत फुटण्याची खोड नसते. फ्लोराइटला ती असते, चंद्रकांतालाही (मूनस्टोन) असते. मॅलकाइट साडेतीन ते चारच्या आसपासचा मऊ दगड आहे. ८० च्या चाकावर तो पाहता पाहता नाहीसा होतो, आणि तो तांब्याचा कार्बोनेट असल्याने त्याची धूळ व तुषार शरीरात जाऊ देता कामा नयेत. आपला मॅलकाइट राखून ठेवावा. घासायला घ्याल तेव्हा २८० पासून, अगदी हलक्या हाताने आणि भरपूर पाण्याखाली सुरुवात करावी.

काप निवडताना तो ओला करून वाळू द्यावा. पृष्ठभाग वाळतो तेव्हा भेगेतले पाणी मागे राहते आणि भेग गडद रेषेसारखी उमटते. अशी रेषा जिथे आहे, ती जागा आकृतीबाहेर ठेवावी. तासभर घासून झाल्यावर दगड दुभंगण्यापेक्षा लहान आकार पत्करलेला बरा.

अकीक, जास्पर आणि बहुतेक सर्व गारगोटीवर्गीय दगड म्हणजे सिलिका, आणि तिची श्वासाबरोबर आत जाणारी बारीक धूळ फुफ्फुसांत कायमची इजा करते. सिलिकोसिस बरा होत नाही. अशा स्फटिकरूप सिलिकेच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले. म्हणून थोडेसेही कोरडे घासू नये. पाण्यामुळे धूळ बसते, तरी तुषारांत ती असतेच, त्यामुळे चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क वापरावा. ज्याकडे दुर्लक्ष होते, तो धोका काम संपल्यानंतरचा आहे: यंत्राखालचा गाळ, एप्रनवरचे थेंब आणि टेबलावरचा पांढरट थर वाळला, की त्याची पुन्हा धूळ होते. सगळे ओले असतानाच पुसून घ्यावे, झाडू लावू नये, एप्रन झटकू नये. गाळाचे पाणी बादलीत निवळू द्यावे आणि गाळ वेगळा काढावा. मोरीत ओतला तर तो सिमेंटसारखा घट्ट बसतो. पाणी आणि वीज शेजारी असल्याने विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकरही आवश्यक आहे.

धागाकर्तीची भर

सर्वांचे मनापासून आभार. शाईच्या रेघांचा उपाय करून पाहिला. २८० वर बराच वेळ घासल्यानंतरही माथ्यावर शाईचा ठिपका शिल्लक होता, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे प्रथमच डोळ्यांना दिसले. ठिपका जाईपर्यंत घासून पुढे नेलेल्या खड्याच्या माथ्यावर आता चरे नाहीत. मॅलकाइट बाजूला ठेवला आहे. टायगर आयचा एक तुकडा मात्र घ्यावा असे वाटते. दगड हलवला की त्यावर सरकणारा प्रकाशाचा पट्टा लंबगोल खड्याच्या बरोबर मधोमध, लांबीच्या दिशेने यावा, यासाठी काप कसा आखावा?

प्रतिसाद

टायगर आय कठीणतेने अकीकाच्या बरोबरीचा असल्याने घ्यायला हरकत नाही. फक्त त्यात क्रोसिडोलाइट या अ‍ॅस्बेस्टॉस जातीच्या खनिजाचे तंतू असू शकतात, तेव्हा वर सांगितलेली धुळीची काळजी इथे दुप्पट घ्यावी.

प्रकाशाचा पट्टा तंतूंना नेहमी काटकोनात दिसतो. तो लांबीच्या दिशेने हवा असेल, तर तंतू लंबगोलाच्या रुंदीच्या दिशेने जायला हवेत. तसेच खड्याचे बूड तंतूंना समांतर असायला हवे; काप थोडा जरी कलता निघाला, तरी पट्टा एका बाजूला सरकतो आणि मग घासून तो मध्यावर आणता येत नाही. तुकडा ओला करावा, एकाच दिव्याखाली सावकाश फिरवावा आणि चमक सर्वांत तीव्र असते त्या बाजूवर खूण करावी. कापण्यापूर्वी तंतूंची दिशा तुकड्याच्या दोन शेजारच्या बाजूंवर पाहून घ्यावी, कारण एकाच बाजूवरून त्यांचा कल कळत नाही. घुमट अकीकापेक्षा थोडा उंच ठेवावा. सपाट घुमटावर पट्टा पसरट दिसतो, उंच घुमटावर तो आखीव होतो. शेवटी हिऱ्याच्या पेस्टऐवजी ओल्या चामड्यावर सेरियम ऑक्साइड ही झिलईची पूड वापरून पाहावी. चामडे जवळजवळ वाळत आले, की दगड ओढला जाऊ लागतो आणि चमक तेव्हाच चढते. तिथे दगड तापतो, म्हणून तो गालाला लावून पाहावा आणि ऊब जाणवताच पुन्हा पाण्याचा शिडकावा करावा.