मदत हवी आहे: यूके स्टेट पेन्शनचं वय ६६ वरून पुढे गेलं, एनआयची (नॅशनल इन्शुरन्स, पगारातून कापली जाणारी तिकडची सरकारी वर्गणी) ८ वर्षं आहेत, आता काय करू?

गोदाकाठ
इंग्लंडमध्ये नोकरी करून भारतात परत आलो आहे. ६६ पूर्ण झाले की तिकडची पेन्शन सुरू होईल असं धरून चाललो होतो. आता वय वाढलं म्हणतात. शिवाय दहा वर्षं नसतील तर एक पैसाही मिळत नाही म्हणे. माझी आठ आहेत. एक एजंट म्हणतो भरलेले पैसे परत काढून देतो, ३० टक्के कमिशन. दुसरीकडे कळलं की वर्षं विकत घेता येतात पण ५ एप्रिलला दार बंद होणार. वेबसाइटवर लॉगिन होत नाही. नेमकं काय करायचं ते कृपया लवकर सांगा, वेळ कमी आहे.

हिशोबनीस
एजंटला काहीही देऊ नका. नॅशनल इन्शुरन्स आपल्या पीएफसारखं खात्यात साठत नाही, देश सोडला म्हणून ते परत मिळत नाही. चुकून किंवा जास्तीचं कापलं गेलं असेल तेवढ्याचाच परतावा मागता येतो आणि तो अर्ज फुकट आहे.

बाकी उत्तर द्यायला माहिती अपुरी आहे. जन्मतारीख पूर्ण द्या, नुसतं वर्ष नको. यूकेत कधी गेलात, कधी परतलात, कंपनीने पाठवलं होतं की तिथे थेट नोकरी लागली? परत येण्याच्या अगदी आधीपर्यंत तिथे नोकरीत होतात का? भारतात आल्यावर काम केलंत का, कधीपर्यंत? आणि ही आठ वर्षं तुम्ही मोजलीत की रेकॉर्डवर दिसली?

अनुजा_के
वर्कप्लेस पेन्शन विसरू नका! ती स्टेट पेन्शनपेक्षा वेगळी असते. सध्या ५५ व्या वर्षापासून काढता येते, ६ एप्रिल २०२८ पासून ते वय ५७ होणार. जुन्या कंपनीचा पत्ता हरवला असेल तर सरकारची पेन्शन ट्रेसिंग सर्व्हिस फुकट शोधून देते.

गोदाकाठ
वर्कप्लेस पेन्शनचं विचारलेलं नाही, ती मला मिळते आहे.
जन्म २२ जानेवारी १९६१. सप्टेंबर २०१० मध्ये इथल्या कंपनीने पाठवलं, मार्च २०१९ अखेर परत. शेवटच्या दिवसापर्यंत नोकरीत होतो. मग साडेआठ वर्षं होतात ना?

पूर्वरंग
साडेआठ असं काही नसतं. ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं करवर्ष धरतात. ते एकतर पूर्ण भरतं किंवा भरत नाही. मात्र पूर्ण भरायला बाराही महिने नोकरी लागत नाही. त्या वर्षाच्या आठवड्याच्या किमान कमाई-मर्यादेच्या ५२ पट पगारावर एनआय लागला की वर्ष धरलं जातं. उदाहरणार्थ २०१९-२० ला मर्यादा आठवड्याला ११८ पौंड होती, म्हणजे वर्षाला ६,१३६. चांगला पगार असलेल्याची तेवढी कमाई दोन-तीन महिन्यांत होते. त्यामुळे वर्षाच्या मध्यात गेलेल्या माणसाचंही ते वर्ष बहुतेक वेळा धरलं जातं.

हिशोबनीस
पण इथे एक अडचण आहे. भारतीय कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या माणसाला पहिले ५२ आठवडे यूकेत एनआय लागत नाही. म्हणजे सप्टेंबर २०१० ते सप्टेंबर २०११ कोरं, आणि २०१०-११ हे वर्ष गेलं. २०११-१२ मध्ये सप्टेंबरनंतरच्या पगारावर मर्यादा सहज पार झाली असणार. म्हणजे २०११-१२ ते २०१८-१९, बरोबर आठ. तुमचा आकडा ठीक दिसतो, तरी रेकॉर्ड बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

वयाचं असं आहे: ६ एप्रिल १९६० पासून जन्मलेल्यांना दर महिन्यामागे एक महिना वाढवला आहे. ६ मार्च १९६१ पासून जन्मलेल्यांना थेट ६७. तुम्ही ६ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९६१ या गटात येता, त्यामुळे तुमचं वय ६६ वर्षं १० महिने. तारीख २२ नोव्हेंबर २०२७. हा बदल काल-परवाचा नाही, २०१४ च्या कायद्याने ठरला आहे. त्याआधी ६७ हे वय २०३४ ते २०३६ दरम्यान येणार होतं, म्हणून जुन्या पत्रकांत तुमच्या वयाला ६६ लिहिलेलं सापडतं.

सह्यकडा
सगळीकडे सरकारं वय वाढवतात आणि आपल्याकडे राज्य कर्मचारी ६० करा म्हणून मागतात, ते ५८ च आहे. केंद्रात १९९८ पासून ६० आहे. महाराष्ट्रातच हा अन्याय का?

मीनल०७
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यात ५८ म्हणजे नोकरीतून निवृत्त व्हायचं वय, आणि वर्ग ४ ला तेही ६० आहे. यूकेत नोकरी सोडायला वयाची सक्ती नाही, फक्त सरकारी पेन्शन कधी सुरू होणार ते वय वाढतंय. ६० ची मागणी करणाऱ्याला जास्त वर्षं पूर्ण पगार हवा असतो. तिकडच्या माणसाला तीच वर्षं पेन्शनशिवाय काढावी लागतात. त्यात जास्त भरडल्या गेल्या त्या बायका: त्यांचं वय ६० होतं, ते वाढवत वाढवत नोव्हेंबर २०१८ मध्ये ६५ आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ६६ झालं.

सह्यकडा
मुद्दा तोच आहे, माणसाने आयुष्याचं नियोजन करायचं कसं?

हिशोबनीस
राज्याच्या वयासाठी वेगळा धागा काढा, इथे मुदतीचा प्रश्न आहे.
गोदाकाठ, भारतात आल्यावर काम केलंत का ते अजून सांगितलं नाहीत. सगळा खर्च त्यावर ठरतो.

गोदाकाठ
त्याचा इथे काय संबंध? केलं. जून २०२२ पर्यंत पुण्यात नोकरी, मग निवृत्त.

हिशोबनीस
संबंध असा की परदेशातून ऐच्छिक एनआय भरायचे दोन वर्ग आहेत. २०२५-२६ च्या दराने क्लास ३ आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला ९२३. क्लास २ आठवड्याला ३.५०, म्हणजे वर्षाला १८२. पेन्शनमध्ये दोघांचं मोल सारखंच. पण क्लास २ साठी तीन अटी: यूके सोडण्याच्या लगेच आधी तिथे काम करत असायला हवं, तिथे सलग तीन वर्षं राहिलेलं किंवा तीन वर्षं एनआय भरलेला हवा, आणि ज्या काळाचे पैसे भरताय त्या काळात परदेशात नोकरी किंवा धंदा चालू हवा. तुमच्या बाबतीत २०१९-२०, २०२०-२१ आणि २०२१-२२ ही तीन वर्षं पूर्ण क्लास २ मध्ये बसतात. निवृत्तीनंतरच्या काळाला क्लास ३.

दहासाठी दोनच वर्षं हवीत: ३६४ पौंड. एवढ्यावर शून्याची पेन्शन आठवड्याला सुमारे ६५.७९ पौंड होते, २०२५-२६ च्या २३०.२५ या पूर्ण दराच्या ३५ पैकी १० भाग. वर्षाला साधारण ३,४२० पौंड.

टेम्सपार
काका, ५ एप्रिल २०२६ ला २०१९-२० या वर्षाची मुदत संपते, सहा वर्षांचा नियम. आजच अर्ज करा! त्यात ६ एप्रिलपासून परदेशातल्यांचा क्लास २ बंद होतोय आणि क्लास ३ लाही तीनऐवजी दहा वर्षांची अट येतेय. नंतर काहीच मिळणार नाही.

पूर्वरंग
घाबरवू नका. नवी अट २०२६-२७ पासूनच्या काळाला आहे. त्याआधीच्या करवर्षांचे पैसे जुन्याच नियमांनी आणि नेहमीच्या सहा वर्षांच्या मुदतीत भरता येतात. २०२०-२१ ला ५ एप्रिल २०२७ पर्यंत, २०२१-२२ ला ५ एप्रिल २०२८ पर्यंत वेळ आहे. म्हणजे दहा पूर्ण करायला यांना २०१९-२० ची गरजच नाही. त्यांचं खरं नुकसान पुढच्या वर्षांचं आहे: दहा वर्षांचं वास्तव्य किंवा दहा वर्षांचा एनआय नसल्यामुळे २०२६-२७ त्यांना बहुधा घेता येणार नाही. जे काही घ्यायचं ते मागच्या वर्षांतूनच.

टेम्सपार
गरज नाही हे कबूल. पण १८२ पौंडांत वर्षाला सुमारे ३४२ पौंड वाढतात, आयुष्यभर. पहिल्याच वर्षात वसूल. ते वर्ष सोडायला सांगणं चुकीचा सल्ला आहे.

पूर्वरंग
सोडा असं म्हटलं नाही. त्यावर विसंबू नका म्हटलं. एचएमआरसीचं (यूकेचं कर खातं) उत्तर यायला महिने लागतात आणि मंजुरीशिवाय भरलेले पैसे नुसते पडून राहतात. अर्जात २०१९-२० सकट सगळी वर्षं मागावीत. ते मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी दहा होतात.

दुसरं, १/३५ ची रीत यांना तंतोतंत लागू नाही. यांची पाच वर्षं एप्रिल २०१६ च्या आधीची आहेत. त्यांचा हिशोब दोन प्रकारे होतो आणि जो मोठा तो धरतात. नव्या रीतीने १५५.६५ चे ५/३५ म्हणजे २२.२४. जुन्या रीतीने ११९.३० चे ५/३० म्हणजे १९.८८, अधिक पगारावर मिळणारी जादा पेन्शन. बऱ्या पगाराला जुनी रीत वरचढ ठरते, तेव्हा प्रत्यक्ष आकडा ६५.७९ पेक्षा थोडा जास्तच असेल. फक्त ‘कॉन्ट्रॅक्टेड आउट’ (कंपनीच्या पेन्शन योजनेमुळे कमी दराने एनआय भरणारे) नव्हतात ना ते बघा. जुन्या पगारपत्रकावर एनआयचं अक्षर ए असेल तर चिंता नाही, डी असेल तर नव्या रीतीच्या आकड्यातून वजावट होते आणि जादा पेन्शनही कमी भरते.

गोदाकाठ
अक्षर ए आहे. पण रेकॉर्ड बघू कसा? लॉगिनला ब्रिटिश पासपोर्ट नाहीतर ताजी पगाराची स्लिप मागतो. माझ्याकडे दोन्ही नाही.

मीनल०७
लॉगिनच्या मागे लागू नका. पेन्शनच्या अंदाजासाठी बीआर १९ फॉर्म छापून पोस्टाने पाठवा. वर्षवार एनआय रेकॉर्ड एचएमआरसीकडून पत्राने मागवता येतं. एनआय नंबर जुन्या पी ६० वर (कंपनीकडून वर्षाअखेरीस मिळणारं पगार-कराचं पत्रक) असतो.

वर्षं घेण्यासाठी सीएफ ८३ फॉर्म. त्यात यूकेतल्या वास्तव्याच्या तारखा, शेवटच्या मालकाचं नाव-पत्ता आणि परदेशातल्या नोकरीचे कालखंड विचारतात. पुण्याची नोकरी सुरू आणि बंद झाल्याच्या तारखांसह स्पष्ट लिहा. तो रकाना मोघम ठेवला तर क्लास २ चा हक्क सिद्ध होत नाही आणि ९२३ चा आकडा हातात पडतो. मार्च २०१९ पर्यंत नोकरीत होतात याचा पुरावा म्हणून पी ४५ ची (नोकरी सोडताना मिळणारं पत्रक) प्रत जोडा. क्लास २ कोणत्या काळासाठी आणि क्लास ३ कोणत्या काळासाठी हवा ते वेगवेगळं लिहा.

टेम्सपार
पैसे भारतातून पाठवणार असाल तर मधली बँक वाटेत चार्जेस कापते. पाच-दहा पौंड कमी पोचले की वर्ष अपुरं राहतं आणि पुन्हा पत्रव्यवहार. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए २ फॉर्म भरताना सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडून असा पर्याय सांगा. एचएमआरसीच्या पत्रातला संदर्भ जसाच्या तसा टाका, नाहीतर रक्कम कोणाची तेच त्यांना कळत नाही. यूकेत खातं चालू असेल तर तिथूनच भरा.

चंद्रभागा
माझा जन्म मे १९७८ चा आहे, मला किती?

हिशोबनीस
सध्याच्या कायद्याने ६८. ६ एप्रिल १९७८ पासून जन्मलेल्यांना पूर्ण ६८. जुलै २०२५ मध्ये पेन्शन वयाचा तिसरा आढावा सुरू झालाय, त्यामुळे तुमच्या पिढीने तारीख अधूनमधून तपासत राहावी.

सह्यकडा
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा आपली ईपीएस-९५ बरी. ५८ ला सुरू. दहा वर्षांचीच अट. फॉर्म १० डी भरला की झालं.

पूर्वरंग
१५,००० च्या पगारमर्यादेवर आणि ७० च्या भागाकारावर दहा वर्षांची ईपीएस २,१४३ रुपये महिना येते. तुलना करण्यासारखं नाही. शिवाय दोन्ही घेता येतात, एकामुळे दुसरी जात नाही. फक्त दोन देशांची वर्षं मिळून दहा होत नाहीत, कारण भारत आणि यूकेमध्ये तसा करार नाही. दुहेरी वर्गणी टाळण्यासाठी झालेला समझोता वेगळा, त्याने पेन्शनची वर्षं जुळत नाहीत.

एक गोष्ट अजून कोणी सांगितली नाही आणि ती महत्त्वाची आहे. भारतात राहणाऱ्याची यूके पेन्शन गोठलेली असते. नोव्हेंबर २०२७ ला जो दर लागेल तोच कायम. तिथल्या पेन्शनरांना दरवर्षी वाढ मिळते, आपल्याला नाही. तेवढाच एनआय भरलेल्या माणसाला केवळ पत्त्यावरून कमी देणं हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. पण याच प्रश्नावरच्या कार्सन खटल्यात २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. कॅनडा, ऑस्ट्रेलियातही गोठलेलीच. अमेरिकेत कायम राहणाऱ्याला मात्र वाढ मिळते.

म्हणून क्लास ३ ची वर्षं घेताना वाढ धरू नका. ९२३ पौंड घालून वर्षाला साधारण ३४२ म्हणजे पावणेतीन वर्षांत वसूल, तेही न वाढणाऱ्या रकमेवर. तब्येत बरी असेल तर घ्यावीत. आणि नव्या पेन्शनमध्ये पती-पत्नीला मागे सहसा काही राहत नाही, तेही लक्षात घ्या.

गोदाकाठ
समजलं. आज सीएफ ८३ पाठवतो, तिन्ही वर्षं क्लास २ मध्ये मागतो. क्लास ३ चं काय ते रेकॉर्ड आल्यावर बघेन. २०२७ ला पेन्शन आपोआप खात्यात येईल ना?

मीनल०७
नाही, मागावी लागते. वय पूर्ण व्हायच्या चार महिने आधीपासून इंटरनॅशनल पेन्शन सेंटरकडे अर्ज करता येतो, तुमच्या बाबतीत २२ जुलै २०२७ पासून. पैसे दर चार किंवा तेरा आठवड्यांनी येतात, भारतातल्या खात्यातही चालतात. नंतर हयातीचा दाखला पोस्टाने येतो. तो साक्षीदाराच्या सहीसह दिलेल्या मुदतीत परत गेला नाही तर पेन्शन थांबते, तेव्हा पत्ता बदलला की लगेच कळवा. आणि निवासी भारतीय असाल तर ही रक्कम इथल्या विवरणपत्रात दाखवायची.