अनुभव धागा: भाज्यांचा स्टॉक (भाज्या उकळून गाळलेलं पाणी), फक्त भाज्यांचा

परवा रात्री मश्रूमचे देठ, गाजराची टोकं आणि सेलरीची पानं पातेल्यात उकळत ठेवली. दहा मिनिटांत वास सुटला आणि मी थेट सहावीत, वाईला, आजीच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. तेव्हा मला टायफॉइड झाला होता. आजी शेवग्याच्या शेंगा, दुधीची सालं, आल्याचा तुकडा आणि चार मिरे उकळून पंचाच्या फडक्यातून गाळायची. वर मीठ आणि थेंबभर तूप. ती त्याला नुसतं 'पाणी' म्हणायची. "उठ, पाणी घे." इतकी वर्षं ते आठवलंही नव्हतं.

आता पातेलं का चढवलं ते सांगते. मी आणि नवरा 'होल थर्टी' करतोय, आज १४वा दिवस. साखर, धान्य, डाळी-कडधान्यं, दूधदुभतं, दारू, सगळं ३० दिवस बंद. तूप चालतं, अंडी-मासे चालतात. पण सासूबाई शाकाहारी, आणि सूप सगळ्यांना एकाच पातेल्यातलं हवं. म्हणून भाजीचा स्टॉक शोधायला निघाले. इथे न्यू जर्सीत तीन दुकानं फिरले. एका डब्यात उसाची साखर, दुसऱ्यात मक्याचा स्टार्च, तिसऱ्यात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड). क्यूबच्या (स्टॉकच्या वड्यांच्या) पाकिटावर पहिलाच घटक मीठ! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे त्यात सर्वांत जास्त मीठच. पाऊण तास त्या फळ्यांपुढे उभी होते. भाजी उकळलेल्या पाण्यात साखर कशाला, हे मला खरंच कळत नाही.

तुमचं पथ्य कुठलंही असो, अनुभव लिहा. काय शोधलंत, काय सापडलं, घरी काय केलंत?

पाणपोई
गाजर-कांद्याला स्वतःचा गोडवा असताना वरून साखर! मी घरीच करते. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली घालू नकोस, उग्र वास येतो. बीट घातलंस तर सगळं लाल. कांद्याची सालं मात्र धुऊन घाल, सुंदर रंग येतो. पोरं शाळेतून आली, बाकी नंतर लिहिते.

दक्षिण_वारा
मेलबर्नहून. माझं दुखणं वेगळं, मला कांदा-लसूण बंद. लो फॉडमॅप, पोटाच्या त्रासासाठी आमच्या इथल्याच मोनाश विद्यापीठाने तयार केलेला आहार. दुकानात कांदा नसलेला स्टॉक शोधून बघा! प्रत्येक डब्यात कांदा, लसूण नाहीतर दोन्ही. सुरुवातीला मला वाटलं, घरीच करू, अख्खा कांदा घालू आणि शेवटी काढून टाकू. दोन दिवस पोट धरून बसले. मग आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, त्रास देणारं फ्रुक्टन (कांदा-लसणातलं एक कर्बोदक) पाण्यात विरघळतं. कांदा काढला तरी ते पाण्यातच राहतं. तेलात मात्र उतरत नाही, म्हणून लसूण तेलात परतून काढून टाकायचा आणि तेल वापरायचं. पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग चालतो. बाकी चव हिंगावर. पण हिंगसुद्धा डबी बघून घ्या, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

निशिगंध_एडिसन (धागाकर्ती)
थांब थांब. हिंगात गहू??

खलबत्ता
हो. आपण रोज वापरतो तो बांधानी हिंग. निव्वळ हिंग फार तीव्र असतो, म्हणून डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ घालून बांधतात. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. खडा घेतला तरी तो बांधलेला असू शकतो, तेव्हा विचारून घ्या.

निशिगंध_एडिसन
डबी हातात घेऊन लिहितेय. डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. १४ दिवस रोज फोडणीत घातलाय. या पथ्यात चुकून काही पोटात गेलं तर परत पहिल्या दिवसापासून मोजायचं असतं. नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये.

माऊ
अगं बाई. 🫂 सांगूच नकोस.

खलबत्ता
सांगा, सांगा, त्याने डबी पाहिली तर जास्त वाईट. अवांतर: आपला बहुतेक हिंग इराण-अफगाणिस्तानकडून येतो. २०२०च्या ऑक्टोबरात हिमाचलात लाहौलला पहिल्यांदा त्याची रोपं लावली. झाड तयार व्हायला पाच वर्षं लागतात म्हणे, मला फार उत्सुकता आहे.

तांबडी_माती
कोल्हापूरकर हजर. तुम्ही सगळे ज्याला स्टॉक स्टॉक म्हणताय त्याला आमच्यात शब्द आहे की, अळणी! मटण हळद-मीठ लावून शिजवलं की मसाला पडायच्या आधी जे पाणी बाजूला काढतात ते. आधी बारक्या पोरांना आणि आजाऱ्याला, मग पांढरा-तांबडा. श्रावणात आई तसंच भाज्यांचं करायची. दुधी, गाजर, फरसबी, कोथिंबिरीच्या काड्या, आलं-लसूण. कुकरला दोन शिट्ट्या. खाली बसलेला गाळ कुणाला द्यायचा यावरून आम्हा भावंडांत भांडणं. कोथिंबिरीच्या काड्या टाकणाऱ्या माणसाचं मला मनापासून वाईट वाटतं, सगळी चव तिथंच असते.

पाणपोई
काड्यांबद्दल +१

सांजवेळ
इथे लिहावं की नाही कळत नव्हतं, पण लिहिते. आमच्याकडे हेच पाणी फेकून द्यायचे. बाबा तीन वर्षं डायलिसिसवर होते. पोटॅशियम वाढू नये म्हणून भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी ओतून द्यायचं, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. बाबांना भाजीचा रस भाकरीत कुस्करून खायची सवय. मी पाणी मोरीत ओतायचे तेव्हा ते पेपरातून मान वर करून बघायचे, बोलायचे काही नाहीत. एकदा आतेभावाने प्रेमाने परदेशातून 'कमी सोडियम'च्या सूपच्या वड्या आणल्या. मी घटक वाचले तर मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड. तशाच ठेवून दिल्या, त्याला सांगितलं नाही. बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही मला भाजी शिजवलेलं पाणी ओततानाही वाईट वाटतं आणि ठेवतानाही.
ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी वरच्या पाककृती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, एवढंच.

माऊ
❤️

तांबडी_माती
ताई, काय बोलू. बरं झालं लिहिलंत. माझ्या सासऱ्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलंय, बायकोला आत्ताच वाचून दाखवलं. कमी सोडियमचं मीठ आमच्या घरात आहे, उद्याच डॉक्टरांना विचारतो.

दोन_शिट्ट्या
पुण्यातून. आपल्याकडच्या पाकिटांवर आकडे बघा. ६२१ म्हणजे एमएसजी, अजिनोमोटो म्हणतो ते. ६२७ आणि ६३१ त्याचे चव वाढवणारे सोबती, दोन्ही मिळून ६३५. मुलीला पुरळ उठायचं म्हणून डॉक्टरांनी महिनाभर डबाबंद सगळं बंद केलं होतं, तेव्हा हे पाठ झालं. कशाने उठत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण लेबल वाचायची सवय लागली ती लागलीच.

खलबत्ता
एमएसजीला उगाच खलनायक करू नका. १९०८ साली इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट (एमएसजीतला चव देणारा घटक) वेगळं काढलं. तेच टोमॅटोत असतं, मश्रूममध्येही असतं.

निशिगंध_एडिसन
मान्य, मी त्याला विष म्हणत नाहीये. पण मला डब्यात काय आहे ते सरळ लिहिलेलं हवंय. 'नॅचरल फ्लेवर' वाचून काय समजायचं? यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्येही ग्लुटामेट असतं, म्हणून इथे तसल्या पाकिटावर 'एमएसजी नाही' असं छापता येत नाही. हा नियम मला आवडला.

कणगी
सगळं वाचलं नाही, घाईत आहे. माझी पद्धत: गाजर, सेलरी, टोमॅटो, कोथिंबीर-काड्या, लसूण मिळून १ किलो, मीठ २०० ग्रॅम, मिक्सरमधून काढायचं, बरणीत भरून फ्रीजरमध्ये. इतक्या मिठामुळे दगड होत नाही, चमच्याने निघतं. चार कप पाण्याला साधारण दोन चमचे. वरून मीठ घालू नका!!! नुसतं पाणी साठवायचं तर बर्फाच्या ट्रेमध्ये. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांवर ठेवू नये.

पाणपोई
परत आले. निशिगंध, वाईत कुठे गं? माझं आजोळ गणपती आळी.

निशिगंध_एडिसन
काय सांगतेस! आमचं मधली आळी. ढोल्या गणपतीच्या घाटावर रोज संध्याकाळी. पूर आला की शाळेला सुट्टी.

पाणपोई
म्हणजे आपण एकाच पाण्यात पाय बुडवून बसलोय. विपु (विचारपूस, म्हणजे तुझ्या पानावर निरोप) करते.

माऊ
एडिसनला ताज्या शेवग्याच्या शेंगा मिळतात का? इथे डॅलसमध्ये फ्रोझनच बऱ्या असतात, ताज्या म्हणजे लाकूड.

निशिगंध_एडिसन
मिळाल्या, पण जून होत्या. तरी आज आजीचं पाणी केलं. हिंग नाही, शेंगा, दुधीची सालं, आलं, मिरे. पाऊण तास मंद आचेवर. सासूबाईंनी दोन वाट्या घेतल्या आणि विचारलं, यात काय घातलंस. नवऱ्याला हिंगाचं सांगितलं. तो म्हणाला, उद्या पहिला दिवस. सांजवेळ, तुमचं लिहिणं डोक्यातून जात नाहीये. पाणी गाळताना तुमच्या बाबांची आठवण काढली.

सांजवेळ
🙏 त्यांना शेवगा फार आवडायचा.

दोन_शिट्ट्या
मटारच्या सालींचं काय करता? आतला पापुद्रा काढून घालायच्या का?

कणगी
कशाला काढायचा, गाळतोच ना आपण.