ओळ अर्धी राहिली तरी चालतं
विणकामाने मन शांत होत असेलही, पण त्याला सलग तासभर लागतो आणि तो घरच्या बाईला कोण देणार, असा मुद्दा कुणीतरी मांडला, तो मला अर्धाच पटला. तास मिळत नाही हे खरं, पण विणकामाला तो लागतही नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि त्यातच लेकाची दहावी, त्या दिवसांत मी एका बैठकीला दोनतीन ओळीच विणायचे. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत एक, औषध दिल्यावर त्यांचा डोळा लागेपर्यंत दुसरी. तेवढ्या वेळात कुणी माझ्याकडे काही मागत नसे. बोटांतून लोकर सरकत राहायची, छातीवरचं ओझं जरा उतरायचं.

खरी अडचण वेगळीच. हाक आली की ओळ मध्येच सुटते आणि परत बसल्यावर दिशा कळत नाही. एकदा मी ओळीच्या मधूनच मागे फिरून विणलं आणि मफलरला भोक पडलं. खूण सोपी आहे: गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवरून निघतो, ती सुई उजव्या हातात धरायची. नवीन शिकणारीने सगळ्या ओळी सुलट टाक्यानेच विणाव्यात, म्हणजे कुठली ओळ उलट नि कुठली सुलट हे मोजत बसायला नको. आणि सुई ८ नंबरची, म्हणजे ४ मिमीची घ्यावी. जुन्या नंबरांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, १० नंबरची सव्वातीन मिमीच असते. जाड सुईवर काम लवकर वाढतं.

तो भोकाचा मफलर सासूबाईंनी शेवटच्या थंडीत रोज गळ्याला गुंडाळला.