मदत हवी आहे: चित्रातली पेंढी वासा घराण्याची की सेरेसची?

स्वीडनची राणी क्रिस्टिना हिच्या रूपकात्मक चित्रांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. यर्मियास फाल्कचं 1649 चं कोरीव चित्र समजलं: शिरस्त्राण, घुबड, म्हणजे रोमन मिनर्व्हा. विद्या आणि युद्ध दोन्ही तिच्याकडे, तेव्हा राणीला शोभतंच. (कृपया ‘आपली सरस्वतीच’ म्हणू नका, हातात भाला घेतलेली सरस्वती मी तरी पाहिलेली नाही.)

अडलंय दुसऱ्याच चित्रापाशी. माझ्याकडे त्याचा फक्त फोटो आहे, खालची नाव-सालाची पट्टी कापलेली. यातही राणी शिरस्त्राणातच, पण पायाशी धान्याची पेंढी, मधोमध आवळून बांधलेली. क्रिस्टिना वासा घराण्याची आणि त्यांच्या कुलचिन्हात पेंढीच असते. पण धान्याची देवी सेरेस हिचीही खूण कणसंच. विळा, मशाल, खसखशीची बोंडं शोधली, एकही नाही. स्वीडनच्या राजचिन्हातले तीन मुकुटही दिसत नाहीत. ढाल आहे, पण तिच्यावर सावली. फोटो मोठा करून, उजेड वाढवून पाहिला, पिक्सेलच फुटतात. इंटरनेटवर फोटो टाकून केलेल्या उलट शोधातही काही सापडलं नाही.

दोन्ही अर्थ मुद्दाम एकत्र गुंफले असतील हे मान्य, पण छापताना ‘असेल’ पुरत नाही. मूळ चित्र पाहायला स्टॉकहोमला जाणं शक्य नाही, लेख पंधरा दिवसांत द्यायचाय.

तर कुलचिन्हातली पेंढी आणि सेरेसची पेंढी काढण्याच्या पद्धतीत नजरेला दिसेल असा काही फरक असतो का? दांड्यांत, बांधणीत, कशात बघू?